जुनी लेन्स घेताना: ओरखडा चालतो, बुरशी का चालत नाही?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही किंवा नेटवर्क दगा देतंय, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे सांगितलं तेच थोडं नीट मांडून देतोय.

मी महागावातून बोलतो आणि लग्नाच्या सीझनमध्ये फोटोही काढतो. आपल्याच तालुक्यातल्या एका पोराचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, पुसदला एक जण कॅननची ८५ एमएम एफ/१.८ विकतोय. बारा हजार म्हणतो. समोरच्या काचेवर ओरखडा आहे, आत धूळ आहे आणि कडेला जाळीसारखं काहीतरी दिसते. घेऊ का? पैसे बाबांनी कापूस विकून दिले आहेत."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. घरातला कापूस विकून आलेला पैसा आहे, त्यामुळे "घेऊन तर बघ" असं म्हणून चालणार नाही. एकेक दोष वेगळा काढून बघू.

आधी लेन्स कामाची आहे का?

कॅननची ही लेन्स १९९२ साली बाजारात आली. म्हणजे हातात येणारा नग पंचवीस-तीस वर्षं जुनाही असू शकतो. त्यात तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल, तर १.६ ने गुणा. ८५ ची लेन्स साधारण १३६ एमएमसारखी वागते. नवरीचा एकटीचा फोटो झकास येईल, पण हळदीच्या वेळी घरातल्या छोट्या खोलीत मागं सरकायला भिंत आडवी येईल. ही अडचण काच कितीही स्वच्छ असली तरी राहणारच.

धूळ: विसरा

मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर जवळपास प्रत्येक जुन्या लेन्सच्या आत कण दिसतात. चार-सहा कणांनी फोटोत काहीच फरक पडत नाही. भाव कमी करायला मात्र ती दाखवा, हरकत नाही!

ओरखडा: कोणत्या काचेवर?

समोरच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत रेघ म्हणून उमटत नाही. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश त्या काचेच्या मोठ्या भागातून आत येतो, ओरखडा त्यातला एवढासाच भाग अडवतो. त्रास होतो तो उजेड समोरून आल्यावर. वरातीतले लाइट थेट लेन्सवर आले, की ओरखड्यावर प्रकाश विखुरतो आणि फोटो पांढरट पडतो.

मागची काच, म्हणजे कॅमेऱ्याकडची, वेगळी. तिथं प्रकाशाची जुडी अरुंद झालेली असते, म्हणून तेवढाच ओरखडा जास्त नुकसान करतो. मागच्या काचेवर खोल ओरखडा दिसला तर सरळ नाही म्हणा.

बुरशी: ही वाढते

कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी समजा. पावसाळ्यात बॅग कपाटात बंद राहिली की दमट हवेत ती वाढते. ती आम्ल सोडते आणि काचेवरचा थर खाते. सुरुवातीची बुरशी कारागीर साफ करू शकतो, पण थर खाल्ला गेला असेल तर डाग कायमचा. धूळ-ओरखडा आहे तिथंच राहतो, बुरशी मात्र पुढच्या पावसाळ्यात आणखी पसरू शकते. फरक एवढाच, पण सगळा निर्णय त्यावर आहे.

न दिसणारे दोष

आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीत ठेवलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येऊ शकतं. मग पाती चिकटतात. एफ/१.८ वर हे कळतच नाही, कारण तिथं पाती हलत नाहीत. म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर टाका, एफ/८ ठेवा, आणि एकाच भिंतीचे एकाच उजेडात दहा फोटो काढा. एखादा जास्त उजळ आला तर पाती अडकताहेत.

दुसरी परीक्षा पेपरची. वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट लावा, कॅमेरा स्टँडवर अगदी समोर ठेवा, एफ/१.८ वर फोटो काढून चारही कोपरे झूम करून पाहा. चारही थोडे मऊ असतील तर ठीक. एकच कोपरा भुरकट असेल तर लेन्स बहुतेक पडलेली आहे, आतली काच सरकली आहे. फिल्टर लावायची कडा चेपलेली असेल तर हा संशय पक्का.

तिसरी: जवळचं, लांबचं, परत जवळचं असा वीस-पंचवीस वेळा ऑटोफोकस करून बघा. आवाज, अडखळणं लक्षात येईल.

हे सगळं विकणाऱ्यासमोर, स्वतःच्या कॅमेऱ्यावर करा. "टेस्ट करू देणार नाही" म्हणाला, तर तेच उत्तर समजा.

आता हिशेब

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा दोष माझ्या कामात दिसेल का? तो वाढेल का? आणि दुरुस्ती धरून किंमत किती?

समजा बारा हजारांची लेन्स, साफ करायला अडीच हजार. महागावात लेन्स उघडणारा कारागीर नाही, नागपूर किंवा नांदेड गाठायचं, दोन चकरा, एसटीचं भाडं आणि बुडालेले दिवस धरून आणखी हजार. झाले साडेपंधरा. तेवढ्यात किंवा हजारभर जास्त देऊन स्वच्छ जुनी लेन्स मिळत असेल, तर बुरशीची जोखीम आपण फुकटात का घ्यायची?

म्हणून त्या भावाला माझं उत्तर: धूळ आणि समोरचा ओरखडा एवढंच असतं, तर लेन्सहूड लावून वापर म्हणालो असतो. जाळी आहे म्हणून या भावात नको. भाव दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त उतरला आणि कारागिराने "थर शाबूत आहे" असं बघून सांगितलं, तरच विचार कर. तोवर लग्नाच्या तारखेपुरती लेन्स भाड्याने घे. दोन-तीन कामं झाली की ८५ आपल्याला लागते की नाही, हेही कळेल.

आणि जी लेन्स घ्याल ती जपा. हवाबंद डब्यात सिलिका जेल, सोबत आर्द्रता मोजायचं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की वाळवून परत वापरा.

तुमच्याकडे अशी एखादी लेन्स आली असेल तर टॉर्च लावून काढलेला फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू. भेटू मंडळी!