पंचहजारीची तहान

चारशे-साडेचारशे किलोचा धट्टाकट्टा घोडा दिवसाला पाणी किती पितो? साधारण ४० लिटर! म्हणजे वीस लिटरच्या दोन बादल्या, काठोकाठ. परभणीच्या वैशाखात, कामाला जुंपलेला घोडा याहून कितीतरी जास्त पितो. आपण हिशेबाला ४० च धरू आणि थेट शिवरायांच्या पागेत शिरू.

सभासदाच्या बखरीप्रमाणे तिथे २५ बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार; आणि त्यांच्यामागे पखालीने पाणी आणणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद नेमलेला. २५ घोडे म्हणजे रोजचं १ हजार लिटर, एका पखालजीच्या जिवावर! पाच हवालदारांचा जुमला : १२५ घोडे, ५ हजार लिटर. दहा जुमल्यांचा हजारी : ५० हजार लिटर. आणि पाच हजारींवर पंचहजारी. ६२५० घोडे, अडीच लाख लिटर, तेही दररोज!

एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आलेली पहिली पाण्याची रेल्वेगाडी आठवते? १० वाघिणी, ५ लाख लिटर. पंचहजारीने ती दोन दिवसांत कोरडी केली असती. वीस फूट व्यासाच्या विहिरीत फूटभर पाणी म्हणजे जेमतेम ९ हजार लिटर. म्हणजे ही पागा एका दिवसात विहीर २८ फूट खाली नेणार! वीस रुपये लिटरची बाटली पाजायची म्हटलं तर रोजचे ५० लाख रुपये! नालांचंही तेच : पायाला एक धरला तरी २५ हजार नाल, आणि खूर वाढतात म्हणून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा नालबंदी.

एवढं पाणी जातं कुठे? बरंचसं घामात आणि आतड्यांत. एका घोड्याची आतडी सुमारे ३० मीटर लांब. पंचहजारीची जोडली तर १८७ किलोमीटर, मुंबई-पुणे गाठून वर ३५-४० किलोमीटर शिल्लक! त्यातून कडबा पुढे सरकायचा तर ओल हवीच. पाणी तुटलं की चारा आतच सुकून अडतो आणि पोटशूळ उठतो. घोडा पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून बघतो, खुरांनी जमीन उकरतो, लोळतो. त्याला ओकताही येत नाही. अशा वेळी घरगुती काढे नकोत. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तडक तिकडे न्यावं.

आता सगळा देश घ्या. २०१९ च्या पशुगणनेत घोडे-तट्टू मिळून सुमारे ३ लाख ४० हजार. रोज १ कोटी ३६ लाख लिटर! लातूरला नंतर ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी येऊ लागली. तशा साडेपाच गाड्या, रोजच्या रोज. वर्षाला जवळपास ५०० कोटी लिटर! आणि आपलं जिंतूरकडचं येलदरी धरण? पूर्ण भरलं की नुसता उपयुक्त साठा ८० हजार कोटी लिटर. करा भागाकार! वाफ होऊन जाणारं पाणी सोडलं तर एकदा भरलेल्या येलदरीवर देशातले सगळे घोडे १६० वर्षं पाणी पितील. एकशेसाठ!

तेव्हा घोडा तहानलेला राहतो तो पाणी नाही म्हणून नव्हे, कुणी पुढ्यात ठेवत नाही म्हणून. लग्नसराईत भर उन्हात तो नवरदेवाला घेऊन उभा असतो. तुमच्या दारी वरात निघेल तेव्हा बँड सुरू होण्याआधी त्याच्यापुढे स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. घोटागणिक कान हलताना दिसले की तो पितोय. ती संपली की दुसरी भरून आणा.