शुगरची गोळी आणि पोटातलं विरजण



कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गटाच्या बैठकीत एक काकू हळूच म्हणाल्या, "शुगरची गोळी मी दोन महिन्यांपासून बंदच केली. गोळी घेतली की पोट बिघडते. वावरात दिवसभर आडोसा नाही, जाऊ कुठं?" हे त्यांनी ना डॉक्टरांना सांगितलं होतं, ना आशाताईंना. मग आणखी दोघी बोलल्या. त्यांचंही तसंच होतं. म्हणून आजचं बोलणं या गोळीवर.

ही गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. फ्रान्समध्ये १९५७ पासून ती मधुमेहासाठी वापरात आली. आपलं यकृत रक्तात साखर सोडत असतं, ते ही गोळी कमी करते. पण तिचं बरंचसं काम आतड्यातही चालतं.

आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. जिवाणू म्हटलं की आपल्याला रोग आठवतो. पण दुधाचं दही कोण करतं? विरजणातले जिवाणूच. तसेच पोटातलेही बरेच जिवाणू आपल्या कामाचे असतात. भाकरी, डाळ, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारे पदार्थ तयार होतात.

मेटफॉर्मिन आतड्यात गेली की या वस्तीत बदल होतो. काही जिवाणू वाढतात, काही कमी होतात. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात नव्याने मधुमेह झालेल्या लोकांना चार महिने ही गोळी दिली. नंतर त्यांच्यापैकी काहींच्या पोटातले जिवाणू उंदरांच्या आतड्यात सोडले, तर उंदरांची साखर पेलण्याची ताकद सुधारली. म्हणजे गोळीच्या गुणात जिवाणूंचाही वाटा आहे.

सुरुवातीला गॅस, मळमळ, पातळ शौच होते, त्यामागेही हा बदल एक कारण असू शकतो. बहुतेकींना काही आठवड्यांत आराम पडतो. तोवर काय करायचं?

गोळी उपाशीपोटी घेऊ नका, जेवणासोबत घ्या. त्रास होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते कमी मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, किंवा सावकाश विरघळणारी गोळी देतात. ती गोळी तोडायची नाही, चावायची नाही, अख्खी गिळायची. आणि उलट्या किंवा जुलाब जोराचे असतील, अंगातलं पाणी जात असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. अशा वेळी डॉक्टर गोळी थोडे दिवस थांबवायला सांगू शकतात.

चांगल्या जिवाणूंचं खाणं आपल्या घरातच आहे. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. भाकरी मात्र मोजून, कारण तिच्यानेही साखर वाढते. पोट बिघडलेलं असेल तर ते शांत झाल्यावर हे हळूहळू वाढवा. दुकानातून मनानेच अँटिबायोटिक आणून खाऊ नका. त्याने चांगले जिवाणूही मरतात.

आणखी एक गोष्ट. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व अंगी कमी लागतं. आपल्याकडे ते आधीच कमी असतं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, सतत थकवा ही लक्षणं असतील तर "वेचून वेचून हात दुखतात" म्हणून सोडून देऊ नका. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून कारण रक्त तपासूनच कळतं. बी-१२ दूध, दही, अंडी, मटण, मासळीतून मिळतं. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शन असतं.

गोळी बंद केली की दुखत नाही, म्हणून बरं वाटतं. पण साखर आतल्या आत डोळे, किडनी आणि पायाच्या नसा पोखरत राहते.

त्या काकूंना आम्ही उपकेंद्रात घेऊन गेलो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता त्या रात्रीच्या जेवणासोबत घेतात आणि सकाळी वावरात जातात.

पुढच्या बैठकीत हिशोबाची वही उघडण्याआधी एकमेकींना एवढंच विचारा : गोळी सुरू आहे ना बाई? आणि जी "नाही" म्हणेल तिला रागवू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.