टेकूंच्या भरवशावर

गिरगावातल्या जुन्या चाळीत शिरलं की जिन्याआधी नजरेत भरतात ते टेकू. गॅलरीखाली उभे केलेले लोखंडी खांब, त्यांनाच बांधलेल्या कपड्यांच्या दोऱ्या. तात्पुरते म्हणून आलेले हे टेकू वर्षानुवर्षं हलत नाहीत. ते लावतं म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, चाळकऱ्यांच्या तोंडी ‘रिपेअर बोर्ड’.

या मंडळाची गोष्ट भाड्यापासून सुरू होते. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण भाडं धरलं आणि ते जणू गोठूनच गेलं. त्या गोठलेल्या भाड्यामुळेच गिरणी कामगार, कारकून, शाळामास्तर मुंबईत टिकले, हे विसरून चालणार नाही. पण महिन्याकाठी मिळणाऱ्या त्या चार पैशांतून मालक तुळया कुठून बदलणार? पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, १९६८ मध्ये बेडेकर समितीने पाहणी केली आणि १९६९ मध्ये कायदा आला. महापालिकेने मालमत्ता कराबरोबर उपकर गोळा करायचा, त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची. इमारती १९,६४२, त्यांतल्या १६,५०२ तर १९४० च्या सप्टेंबरआधीच्या. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत एवढाच मंडळाचा मुलूख, उपनगरं त्यात नाहीत. आज त्या इमारतींपैकी तेरा हजारांच्या आसपास उरल्या आहेत.

सागवानी तुळई सहजासहजी दगा देत नाही. ती कुजते मोरीकडून, संडासाकडून, जिथे वर्षानुवर्षं पाणी मुरतं. म्हणून मुरलेला अभियंता चाळीत आला की आधी मागच्या बाजूला जातो. दर उन्हाळ्यात मंडळ पाहणी करतं, अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं, आणि पावसाळाभर ताडदेवच्या रजनी महालातला नियंत्रण कक्ष रात्रंदिवस जागा असतो. एवढ्या अपुऱ्या पैशांत या माणसांनी जे सावरून धरलंय, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण मंडळाची मोजपट्टी एकच: इमारत उभी आहे की नाही. दहा बाय बाराच्या खोलीत उजेड येतो का, मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत संडास किती, म्हाताऱ्या माणसाला तो जिना चढता येतो का, हे कुणी मोजत नाही. आणि त्या एकुलत्या एका मोजपट्टीवरही आपण हरलो आहोत. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ जीव गेले. २०१९ च्या जुलैत डोंगरी, पुढच्या जुलैत फोर्ट.

आता सगळी भिस्त पुनर्विकासावर आहे. म्हाडा कायद्यातलं नवं कलम ७९-अ सांगतं, मालकाला सहा महिने, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, नाहीतर मंडळ जागा ताब्यात घेईल. पण त्याखाली काढलेल्या ९३५ नोटिसा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बेकायदा ठरवल्या. प्रतीक्षा नगरसारख्या संक्रमण शिबिरांत तर लोक तात्पुरते म्हणून गेले आणि त्यांची नातवंडं तिथेच शाळेत जाऊ लागली.

समजा, सगळं सुरळीत झालं. प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळेल, आणि ते मिळायलाच हवं. मात्र दर पाडकामाबरोबर स्वस्त भाड्याची एकेक इमारत शहरातून कायमची नाहीशी होते, तिच्या जागी भाड्याचं दुसरं घर उभं राहत नाही. मंडळाचं काम जितकं यशस्वी, तितकी मुंबईत नव्याने येणाऱ्या नर्सला, डिलिव्हरीवाल्या पोराला जागा कमी. मंडळाकडे अर्धशतकाचा अनुभव आहे, वॉर्डावॉर्डात अभियंते आहेत. नव्या भाड्याच्या घरांचं मान ठरवायचं, ती दरवर्षी तपासायची, हे काम त्याच्याकडे सोपवता येईल. ते आज कुणाकडेच नाही.

२०२५ च्या पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींच्या यादीत ९६ इमारती होत्या. माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या चाळीवर काही वर्षांपूर्वी घरं रिकामी करण्याची नोटीस लागली, तेव्हा मी सामान बांधायला गेलो होतो. काकूंनी पिशवीत आधी भाडेपावत्यांचं बाड घातलं, सासऱ्यांच्या नावापासूनचं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. कपडे नंतर.