विजेची एकचाकी भरेना तेव्हां

परंपरा केळझरास महाभारतांतील एकचक्रानगरी मानते. तेथील एखाद्या घरीं विजेची एकचाकी गाडी भरेनाशी झाली, तर काय पाहावें? आम्ही सुचवितों कीं, प्रथम भिंतीवरील सॉकेट दुसऱ्या दिव्यानें पारखावें. मग जाणत्याकडून चार्जरचा दाब मोजवावा. वीस घटांच्या मालिकेस तो ८४ व्होल्ट लागतो, कारण प्रत्येक घट ४.२ व्होल्टांस पूर्ण भरतो. दाब ठीक असून, रिकामी गाडी जोडूनही दिवा हिरवाच राहिला, तर दोष बहुधा खोबणींत, तारेंत किंवा बॅटरीच्या संरक्षक पट्टींत असतो. उन्हांतून आलेली गाडी आधीं निवूं द्यावी. पट्टी वगळून थेट वीज मात्र कदापि जोडूं नये. लिथियमची आग मुलाबाळांच्या घरांत क्षणांत पसरते. गाडी आठ दिवस उभी राहिली तरी चालेल.