हाड जुळते, मज्जारज्जू का जुळत नाही?

हात मोडला तर काही आठवड्यांत जुळतो. मणक्याचे हाडही जुळते. मग झाडावरून पडलेल्या माणसाचा मणका जुळून आला, तरी त्याचे पाय लुळेच का राहतात?

कारण खरी इजा हाडाच्या आत असते. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू (पाठ्यपुस्तकातला मेरुरज्जू) कमरेच्या वरच्या भागापर्यंत उतरतो. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. मेंदूचे हुकूम खाली नेणारे आणि स्पर्श-वेदनांच्या वार्ता वर आणणारे तंतू त्यात असतात. दुखापत जितकी वर, तितका शरीराचा अधिक भाग मेंदूपासून तुटतो. पाठीत इजा झाली तर पाय आणि लघवी-शौचावरचा ताबा जातो. मानेत झाली तर हातही. श्वासपटल हलवणाऱ्या चेता मानेतूनच निघतात, म्हणून मानेच्या अगदी वरच्या भागातली इजा श्वासच थांबवते.

येथे एक गोष्ट घरच्यांना नेहमी चकवते. काही आठवड्यांनी लुळा पाय एकदम झटका मारतो आणि 'पायात जीव आला' असे वाटते. पण आपण वर्गात शिकवतो ती प्रतिक्षिप्त क्रिया आठवा. तिचे मंडल मज्जारज्जूतच पूर्ण होते, मेंदूची गरज नसते. इजेच्या खालचा भाग शाबूत असेल तर ती चालूच राहते. बोट स्वतःच्या इच्छेने हलले, तर मात्र ती सुधारणा.

हाताच्या कापलेल्या चेतेतले तंतू पुन्हा वाढतात, रोज साधारण १ मिलिमीटर. मज्जारज्जूतले का वाढत नाहीत? त्यांच्यात वाढीची ताकदच नसते, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९८१ साली माँट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या चेतेचा तुकडा पुलासारखा जोडला. तंतू त्या पुलातून काही सेंटिमीटर वाढले! म्हणजे मोठा अडसर भोवतालचा होता. तंतूंवरच्या मायेलिन आवरणात वाढ रोखणारी प्रथिने असतात, हे पुढे झुरिकच्या श्वाब यांनी दाखवले. इजेच्या जागी होणारा व्रणही आड येतो. तरीही मज्जारज्जू पूर्ववत करणारा सिद्ध उपचार आजही नाही. २०१८ साली लोझान येथे मज्जारज्जूला विजेची स्पंदने देऊन काही रुग्णांना आधाराने चालवता आले, पण त्यांचे काही तंतू शिल्लक होते. मूलपेशींच्या इंजेक्शनाने हमखास चालवतो म्हणणाऱ्यांच्या हाती जमीन विकून पैसे देऊ नयेत, असे आम्हांला स्पष्ट सांगावेसे वाटते.

पहिल्या धक्क्यात सगळे तंतू तुटतातच असे नाही. सूज आणि अपुरा रक्तपुरवठा यांनी पुढच्या तासांत, दिवसांत आणखी पेशी मरतात. म्हणून जखमीला हातापायांना धरून झोळीसारखे उचलणे घातक. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी मिळून सपाट फळीवर घ्यावे. दाब काढून मणके स्थिर करण्याची शस्त्रक्रियाही लवकर झालेली बरी.

पूर्वी असे रुग्ण बहुधा पाठीवरच्या जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी दगावत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची निगा आणि खेळ यांवर भर दिला. तिथल्या १९४८ च्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. आमच्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोठा शोध हाच! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले.

अशी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी चाकाच्या खुर्चीतून आपल्या वर्गात आला, तर दर पाव-अर्ध्या तासाने तो हातांवर जोर देऊन अंग उचलेल. त्याला 'हलू नकोस' म्हणू नये. दाब न कळणाऱ्या कातडीचा रक्तपुरवठा तो तेवढ्यात मोकळा करत असतो. चार ते सहा तासांनी नळीने लघवी काढण्यासाठी त्याला वेळ, पाणी आणि खुर्ची आत जाईल एवढ्या रुंद दाराचे स्वच्छतागृह लागेल.