हत्ती आणि कर्करोग

पालकाप्य मुनींच्या नांवावर असलेला 'हस्त्यायुर्वेद' हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापून प्रसिद्ध केला. अंगदेशाचा राजा रोमपाद प्रश्न विचारीत आहे आणि मुनि त्यास हत्तीचे रोग, त्यांचीं लक्षणें व उपचार सांगत आहेत, अशी त्याची मांडणी आहे. एवढ्या बलाढ्य प्राण्याच्या मागें किती व्याधि लागलेले असतात, हें तो ग्रंथ चाळतांना कळतें. राजानें पुष्कळ विचारलें; परंतु आज आम्ही जो प्रश्न वाचकांपुढें मांडणार आहों, तो पेशींचें ज्ञान झाल्यावांचून कोणासहि सुचण्यासारखा नव्हता. तो प्रश्न असा कीं, हत्तीस कर्करोग इतका क्वचित् कां व्हावा?

वरवर पाहतां हा प्रश्न पोरकट वाटेल. एखाद्या प्राण्यास एखादा रोग सहसा होत नाहीं, यांत नवल तें काय? नवल आहे, आणि तें गणिताचें आहे. मनुष्याचें शरीर तीस ते चाळीस लक्ष कोटी पेशींचें बनलेलें असतें आणि त्या साऱ्या मातेच्या उदरांतील एकाच पेशीपासून विभागत विभागत झालेल्या असतात. पेशीच्या पोटांत डीएनए नांवाच्या द्रव्यावर लिहिलेली जणूं एक पोथी असते. आईकडून आलेली एक प्रत व बापाकडून आलेली एक. एकेका प्रतींत सुमारें ३०० कोटी अक्षरें. वर्णमाला मात्र चारच अक्षरांची. पेशी दुभंगण्यापूर्वीं ही सारी पोथी नव्यानें उतरून काढावी लागते. जुनीं हस्तलिखितें ज्यांनीं हाताळलीं असतील त्यांस ठाऊकच आहे कीं, लेखक कितीहि दक्ष असला तरी कोठें अक्षर गळतें, कोठें ओळ दोनदां लिहिली जाते. पेशींतला लेखक विलक्षण दक्ष असतो. चुकलेलें अक्षर काढून पुन्हां लिहिण्याचीहि सोय तेथें आहे. तरी चुका राहतातच. पेशीनें केव्हां वाढावें व केव्हां थांबावें हें सांगणाऱ्या ओळींतच अशा चुका सांचत गेल्या, म्हणजे ती पेशी अनावर वाढूं लागते. तोच कर्करोग.

मग हिशेब सरळ आहे. पेशी जितक्या अधिक आणि आयुष्य जितकें लांब, तितके उतारे अधिक, आणि तितकी चुकीला संधि अधिक. हत्तीच्या देहांत माणसाच्या सुमारें शंभरपट पेशी. आयुष्य साठ-सत्तर वर्षांचें. या न्यायानें हत्ती ऐन तारुण्यांतच कर्करोगानें मरावयास हवा. इंग्लंडांतील रिचर्ड पेटो यांनीं १९७५ सालीं हीच अडचण उंदीर व माणूस यांच्यासंबंधानें मांडली होती. माणसाच्या पेशी उंदराच्या हजारपट, आयुष्य सुमारें तीसपट, तरी या रोगाचें भय दोघांसहि जवळजवळ सारखेंच. पुढें यास 'पेटोचा विरोधाभास' म्हणूं लागले. अलंकारशास्त्र शिकलेल्यांस सांगावयास नको कीं, विरोधाभासांत विरोध दिसतो पण नसतो. अर्थ लागला कीं तो मिटतो. येथें अर्थ लागावयास चाळीस वर्षें गेलीं, कारण बराच काळ हत्तीची पोथी कोणीं वाचलेली नव्हती.

मनुष्याच्या जनुकसंचाचा कच्चा पाठ २००१ सालीं प्रसिद्ध झाला, २००३ सालीं तें काम संपल्याचें जाहीर झालें, आणि राहिलेल्या गाळलेल्या जागा भरावयास २०२२ साल उजाडलें. मध्यंतरीं उंदीर, कुत्रा, गाय, हत्ती अशा अनेक प्राण्यांच्या पोथ्या वाचून झाल्या. परंतु नुसतें वाचून भागत नाहीं; खरें ज्ञान तुलनेनें होतें. भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली; त्या कामीं काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्या शेजारींशेजारीं मांडून पाठभेद तपासावे लागले. दोन पोथ्यांत एकाच जागीं एकच चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, हें त्यांतलें मुख्य अनुमान. प्राण्यांच्या पोथ्यांसहि तें जसेंच्या तसें लागूं पडतें. 'क' जीवनसत्त्व बहुतेक प्राणी आपल्या शरीरांतच तयार करतात. माणसाच्या अंगीं तें सामर्थ्य नाहीं, म्हणून आंवळा-लिंबू न मिळालेल्या जुन्या खलाशांस स्कर्व्ही होई. तें जीवनसत्त्व करण्यास लागणारें जनुक माणसांत आहे, पण मोडलेलें आहे. आणि वानरांतहि तेंच जनुक त्याच तऱ्हेनें मोडलेलें आहे. एकाच लेखकाची एकच चूक दोन्ही घराण्यांत चालत आली. वंश आणि रोग या दोहोंचा उलगडा एकाच ओळींत व्हावा, याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां हत्तीकडे वळूं. पेशींत एक प्रथिन असतें, त्याचें नांव पी-५३. तें १९७९ सालीं सांपडलें, आणि १९९२ सालीं डेव्हिड लेन यांनीं त्यास 'जनुकसंचाचा रक्षक' अशी पदवी दिली. पोथीस इजा झाली कीं हा रक्षक विभागणी थांबवितो, दुरुस्तीस अवधि देतो, आणि इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर त्या पेशीस देहत्याग करावयास लावतो. एक पेशी गेल्यानें शरीराचें कांहीं बिघडत नाहीं. ती बिघडून राहिली तर मात्र सर्वस्व जातें. माणसाच्या सुमारें निम्म्या कर्करोगांत हें रक्षकाचें जनुकच नादुरुस्त झालेलें आढळतें.

अमेरिकेंतील यूटा येथें जोशुआ शिफमन नांवाचे मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर आहेत. २०१२ सालीं एका सभेंत कार्लो मेली यांचें पेटोच्या विरोधाभासावरचें भाषण त्यांनीं ऐकलें. त्यांत हत्तींच्या पोथींत या रक्षकाच्या पुष्कळ प्रती दिसतात, असा उल्लेख आला. त्यांच्या गांवच्या, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या, प्राणिसंग्रहालयांत हत्ती होते. त्यांच्या कानामागील शिरेंतून प्रकृति तपासण्यासाठीं रक्त काढण्याची रीत होतीच. त्यांतलें थोडें यांस मिळूं लागलें, पुढें सर्कशींतल्या हत्तींचेंहि मिळालें. २०१५ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शिकागोचे व्हिन्सेंट लिंच हेहि स्वतंत्रपणें त्याच निष्कर्षास आले. माणसांत हें जनुक एकच, आईकडचें व बापाकडचें मिळून दोन. हत्तींत तीं वीस, म्हणजे दोन्हीकडचीं मिळून चाळीस! सहाशेंहून अधिक हत्तींच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हां त्यांपैकीं कर्करोगानें गेलेले शंभरांत पांचांच्या आसपास निघाले. माणसांत हेंच प्रमाण शंभरांत अकरा ते पंचवीस असें धरलें जातें. हत्तीच्या रक्तांतील पेशींवर किरणांचा मारा केला, तेव्हां माणसाच्या पेशींच्या सुमारें दुप्पट पेशींनीं देहत्याग केला. हत्तीच्या पेशी दुरुस्तीच्या खटपटींत फारशा पडत नाहींत. संशय आला कीं निरोप घेतात.

या वीस जनुकांपैकीं मूळचें एकच. बाकीचीं एकोणीस मागाहून घुसलेलीं. पोथींतल्या मजकुराचा जो कामापुरता उतारा पेशी काढते, तोच उतारा कधीं काळीं चुकून पुन्हां पोथींत चिकटला, आणि पुढें त्याच्या प्रती वाढत गेल्या. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनीं यांस 'प्रक्षिप्त' म्हणून खालीं टीपेंत टाकलें असतें. निसर्गानें मात्र हे प्रक्षेप जपून ठेवले. हत्तीचे आज हयात असलेले जवळचे नातलग दोन: एक समुद्रांतील डुगाँग व मॅनाटी यांचें कुल, जें कच्छच्या आखातांत व तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत अद्याप थोडें तग धरून आहे, आणि दुसरा आफ्रिकेंतील खडकांत राहणारा, सशाएवढा हायरॅक्स. हायरॅक्सपाशीं ही प्रतींची चळत नाहीं. उलट, सैबेरियाच्या बर्फांत गोठून राहिलेल्या मॅमथची पोथी वाचली, तेव्हां तींत पुष्कळ प्रती आढळल्या. म्हणजे या घराण्यांत देह जसजसा वाढत गेला, तसतसे पहारेकरीहि वाढत गेले.

लिंच यांनींच २०१८ सालीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. हत्तीच्या पोथींत एका दुसऱ्या जनुकाची मेलेली, निरर्थक झालेली प्रत होती. ती पुन्हां जिवंत झाली आहे, आणि पी-५३ नें हांक मारतांच ती उठून बिघडलेल्या पेशीचा जीव घेते. वेताळपंचविशी लहानपणीं ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस प्रेतानें उठून काम करणें नवें वाटूं नये.

येथवर वाचून कोणासहि वाटेल कीं, मग माणसासहि चार रक्षक अधिक द्यावे आणि मोकळें व्हावें. तें इतकें सोपें नाहीं. २००२ सालीं उंदरांवर दोन प्रयोग झाले. एकांत रक्षक सदोदित जागा राहील अशी योजना झाली. त्या उंदरांस कर्करोग कमी झाला, पण ते अकालीं म्हातारे झाले. स्पेनमधील दुसऱ्या प्रयोगांत रक्षकाच्या प्रती वाढविल्या, परंतु त्यांच्यावरचा नेहमींचा लगाम तसाच ठेवला. तेव्हां रोगहि कमी झाला आणि वार्धक्यहि लवकर आलें नाहीं. सारी गोम लगामांत आहे. हत्तीच्या अधिकच्या प्रती अंशतः त्रुटित व परस्परांहून थोड्या भिन्न असल्यानें त्यांतील कांहीं त्या लगामास दाद देत नसाव्यात, असें २०२२ सालच्या एका संशोधनांत मांडलें आहे. वृत्तपत्रांतून अधूनमधून 'हत्तीपासून कर्करोगावर औषध' असे मथळे झळकतात. तसलें औषध आज कोणत्याहि रुग्णालयांत मिळत नाहीं, हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

शिफमन यांनीं त्याच प्रयोगांत तिसऱ्या एका रक्ताचीहि तपासणी केली होती, आणि आमच्या मतें निबंधाचें मर्म तेथें आहे. ली व फ्राउमेनी या दोन अमेरिकन डॉक्टरांनीं १९६९ सालीं अशीं चार कुटुंबें वर्णिलीं कीं, ज्यांत लहान मुलांस, तरुण आयांस, पिढ्यान् पिढ्या निरनिराळे कर्करोग होत. १९९० सालीं कारण सांपडलें: या माणसांना पी-५३ च्या दोन प्रतींपैकीं एक जन्मतःच मोडकी मिळालेली असते. किरणांच्या माऱ्यानंतर त्यांच्या पेशींचा देहत्याग सामान्य माणसाच्या निम्म्याहूनहि कमी भरला. चाळीस रक्षकांचा हत्ती, दोन रक्षकांचा माणूस, आणि एकाच रक्षकावर जगणारें तें लेंकरूं, अशी ती उतरती पायरी होय. अशा कुटुंबांतील माणसांची नियमित तपासणी ठेविली तर रोग लवकर सांपडून जीव वांचतात, हें टोरोंटोच्या डॉक्टरांनीं २०११ सालीं दाखवून दिलें.

इतकें तीव्र उदाहरण विरळा. परंतु शंभर कर्करोगांपैकीं पांच ते दहा आनुवंशिक असतात. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमची एक काकू पस्तिशीच्या आंत गेली. मुलांस 'काकूला गांठ झाली होती' एवढेंच सांगण्यांत आलें, आणि रोगाचें नांव घरांत पुन्हां कोणीं उच्चारलें नाहीं. घरांत लग्नाच्या मुली होत्या. पुढें कित्येक वर्षांनीं पुतणीच्या छातींत गांठ निघाली, तेव्हां डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो घराण्यांत पूर्वीं कोणास झालें होतें काय हा. तरुण मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. ठाऊक असणारे त्या वेळीं आम्ही एकटेच उरलों होतों, आणि आम्हीहि क्षणभर घुटमळलों, हें कबूल करावयास लाज वाटते. पोथींतली चूक ही कोणाच्या पापाचें फळ नव्हे. ती एका अक्षराची चूक आहे, आणि ती प्रयोगशाळेंत वाचतां येते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रांत अशा कुटुंबांना सल्ला देण्याची स्वतंत्र सोय आहे. सात पिढ्यांची वंशावळ मुखोद्गत असलेल्या आमच्या घरांतून कोण कशानें गेलें, याची एक ओळहि लिहिलेली नसावी!

हत्तीच्या उत्तरानें सर्वच प्राण्यांचा प्रश्न सुटतो असें मात्र नाहीं. उत्तर ध्रुवाकडील बोहेड नांवाचा देवमासा दोनशें वर्षांहून अधिक जगतो. त्याची पोथी २०१५ सालीं वाचली, पण त्यानें रक्षकांची फौज बाळगलेली नाहीं. त्याच्या पेशी तुटलेल्या पोथीची दुरुस्तीच अधिक निगुतीनें करतात, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं अडीचशेंहून अधिक जातींची तुलना करून असेंहि दाखविण्यांत आलें कीं, मोठ्या प्राण्यांत कर्करोग लहानांपेक्षां थोडा अधिकच होतो. मात्र हत्तीसारखे कांहीं प्राणी आपल्या आकारमानाच्या अपेक्षेहून बरेच खालीं राहतात. पेटोचा विरोधाभास पुसला गेला नाहीं, पण त्याची धार थोडी उतरली.

आणि कर्करोगापासून वांचलेला हत्ती इतर रोगांस अजिंक्य आहे असेंहि नाहीं. आशियाई हत्तींच्या पिलांस हर्पिसच्या जातीचा एक विषाणु ग्रासतो आणि थोड्याच दिवसांत पिलूं दगावतें. ओरिसांतील नंदनकानन येथें २०१९ सालीं चार हत्ती त्यानेंच गेले. चाळीस रक्षकांचा तेथें कांहीं उपयोग होत नाहीं. त्या विषाणूची पोथीहि आतां वाचून झाली आहे, आणि कोविडच्या वेळीं माणसांसाठीं जी लस-पद्धति वापरली, त्याच पद्धतीनें तयार केलेली लस २०२४ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयांत टेस नांवाच्या चाळीस वर्षांच्या आशियाई हत्तिणीस प्रथम टोंचण्यांत आली.