हवा मोजली का?

हिवाळ्यात गार्चिंगला आलेल्या पाहुण्यांची पहिली तक्रार ठरलेली असते, "अहो, ओठ फुटले!" आपण व्हॅसलीनची डबी पुढे करतो आणि विषय संपतो. प्रयोगशाळेतल्या पेशींना मात्र ही सोय नाही.

म्युनिकच्या उत्तरेचं, इसारकाठचं हे एकेकाळचं खेडं. 1957 साली इथे अंड्याच्या आकाराची अणुभट्टी आली आणि तिच्यामागोमाग शास्त्रज्ञांची वसाहत. आज म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाचं जैववैद्यकीय अभियांत्रिकीचं कामही इथेच चालतं. आम्ही पडलो हवा खेळवणारे इंजिनिअर. जीवशास्त्राशी आमचा संबंध शाळेतल्या बेडकापुरता. तरीही काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेतून (नाव नको) बोलावणं आलं.

तिथे नागपूरकडची एक मुलगी पीएच.डी. करत होती. ऑक्टोबरात जमलेला प्रयोग जानेवारीत काही केल्या जमेना. पेशी त्याच, औषध तेच. "हिचा हात नीट नाही," अशी कुजबुज सुरू झालेली. बिचारी रात्ररात्र तेच ते पुन्हा करत होती.

आम्ही विचारलं, "खोलीतली आर्द्रता किती?" कोणी मोजलीच नव्हती!

हिशेब सोपा आहे. उणे 10 अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी ती 22 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम 10 टक्के उरते. पेशी वाढवायच्या कपाटात 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि 95 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. दार उघडलं की कोरडी हवा आत शिरते आणि तळाच्या ट्रेमधलं पाणी लवकर आटतं. मग प्लेटच्या कडेच्या वाट्यांतला द्रव उडतो, उरलेल्यात क्षार दाट होतात आणि पेशी कोमेजतात. तिच्या प्लेटवर नेमक्या कडेच्याच वाट्या बिघडल्या होत्या. हात तिचा चांगलाच होता.

पुण्याला पावसाळ्यात याच्या उलट. तिथे हवा आधी थंड करून पाणी काढायचं आणि मग पुन्हा तापवायची. खर्च दोन्हीकडे होतोच.

उंदरांचंही तसंच. युरोपात त्यांच्या खोल्या साधारण 20 ते 24 अंशांवर ठेवतात. माणसाला बरं वाटतं, पण उंदराला 30 अंशांच्या आसपास ऊब हवी. 2013 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की नेहमीच्या थंड खोलीत उंदरांच्या गाठी उबेतल्या उंदरांपेक्षा वेगाने वाढतात. म्हणजे औषध तपासताना खोलीही निकालात लुडबूड करते. पुढे तेच औषध आपल्याच कुणाला द्यायचं असतं!

गंमत म्हणजे ही अक्कल म्युनिकला जुनीच. 1860 च्या सुमारास माक्स फॉन पेटेनकोफर यांनी इथे माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली उभारली आणि आत जाणारी, बाहेर येणारी हवा मोजली. पैसा राजाने दिला. आपल्याला तर दोन मापकं पुरतात, एक खोलीत आणि एक कपाटात. शिवाय रोजच्या नोंदवहीत एक ओळ.

त्या मुलीचा प्रयोग मार्चमध्ये जमला. तेव्हा मंडळी, आपली मुलंबाळं प्रयोगशाळेत असतील आणि फोनवर रडकुंडीला आली असतील, तर उपदेश नंतर करा. आधी विचारा, "बाळ, हवा मोजलीस का?"